बर्फ पाच महिने, सराव बारा महिने? स्की/स्नोबोर्ड स्पर्धा खेळणाऱ्या मुलांचे पालक आहेत का इथे?

निवडुंग | १२ मे, रात्री १०:१०

इथे क्रिकेट, टेनिस, पोहणं, अगदी स्पेलिंग बीवाल्या मुलांच्या पालकांचे धागे आहेत. बर्फावरच्या खेळांचा एकही सापडला नाही, म्हणून हा काढते. आधीचा असेल तर सांगा, हा बंद करू.

आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. लेक नुकतीच बारा वर्षांची झाली. पाचव्या वर्षी शेजारच्या मुलांबरोबर गंमत म्हणून स्कीवर उभी राहिली. आता डिसेंबर ते एप्रिल आमचा प्रत्येक शनिवार-रविवार पहाटे पाचला आय-७० महामार्गावर, पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत सुरू होतो. येत्या सीझनला ती यू-१४ (चौदा वर्षांखालील) गटात जाईल. स्लॅलम (रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी उतरायची शर्यत) आवडतं, जायंट स्लॅलममध्ये (तेच, पण मोठ्या वळणांचं) बरी आहे, त्याहून वेगवान सुपर-जीचं नाव काढलं की माझ्याच पोटात गोळा येतो.

क्लबकडून मेल आली आहे. मे ते ऑक्टोबर आठवड्यातून तीन दिवस ड्रायलँड (बर्फाशिवायचा सराव), जूनमध्ये ऑरेगनला माउंट हूडवर दहा दिवसांचा कँप, आणि 'ज्यांना खरंच पुढे जायचंय' त्यांच्यासाठी ऑगस्टमध्ये चिली, तिथे तेव्हा हिवाळा असतो म्हणून. (सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्यांना वाटलं चायनीजच्या गाडीवर काहीतरी नवीन आलंय.)

दर उन्हाळ्यात आम्ही सांगलीला जातो. १० जून ते २२ जुलैची तिकिटं जानेवारीतच काढून ठेवलीत. कोच म्हणाला, सहा आठवडे फार मोठा खंड आहे. लेकीला आजी पण हवी आणि कँप पण. नवऱ्याचं मत 'तू ठरव', म्हणजे उद्या काही चुकलं तर कोणाचं ते तुम्हाला कळलंच असेल.

तर प्रश्न: या वयात उन्हाळ्यात बर्फ लागतोच का? ड्रायलँडमध्ये नक्की काय करून घेतात, आणि त्यातलं सांगलीला बसून काय जमेल?

ता.क. एक शहाणपणा मात्र केलाय. एप्रिलच्या सेलमध्ये पुढच्या वर्षीचे रेसिंगचे बूट निम्म्या किमतीत घेऊन ठेवलेत.

खडूस_काका | १२ मे, रात्री १०:३४

बारा वर्षांच्या पोरीला बर्फासाठी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पाठवायचं? जूनमध्ये सांगलीला उरलेसुरले आंबे असतात. धागा संपला.

पायवाट | १२ मे, रात्री ११:५२

काका, धागा संपला नाही, थांबा जरा.

आम्ही सॉल्ट लेकला. मुलगा सतराचा, गेल्या सीझनपासून फिसच्या (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या) रेस करतोय. (सोळाव्या वर्षापासून फिसचे पॉइंट लागू होतात. जितके कमी तितके चांगले. ही उलटी शर्यत मला समजायलाच एक वर्ष गेलं.) तुमच्या जागी मी पाच वर्षांपूर्वी होतो, आणि मी सगळ्याला हो म्हणालो होतो. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हिशेब. कँपच्या एका दिवसात गेटमधून (म्हणजे त्या रोवलेल्या काठ्यांमधून) साधारण आठ रन मिळतात. एक रन पन्नास सेकंदांची धरा. झाली चारशे सेकंदं, म्हणजे पावणेसात मिनिटंही नाहीत. दहा दिवसांच्या कँपमध्ये गेटमधला वेळ एक तास सात मिनिटं. फ्री स्कीइंग धरून तिप्पट करा हवं तर. बाकीचा दिवस लिफ्टवर, रांगेत, बूट काढण्या-घालण्यात आणि व्हिडिओ बघण्यात जातो. हूडला उन्हात बर्फ इतका मऊ पडतो की कोर्स टिकावा म्हणून त्यावर मीठ मारतात. पहाटे सुरू करून दुपारी आवरतात.

हा तास वाया जातो असं मी म्हणत नाही. हिवाळ्यात रेसच्या गडबडीत तंत्रातली चूक दुरुस्त करायला सवड नसते, ती उन्हाळ्यात मिळते. पण त्या एका तासात जे करायचं त्यासाठी लागणारं शरीर बर्फावर तयार होत नाही, ते अंगणात आणि जिममध्ये होतं. शरीर तयार नसेल तर पोर तीच चूक मीठ घातलेल्या बर्फावर पुन्हा करून येतं.

माझ्या पोराने तेराव्या वर्षी हूड केलं, चौदाव्या वर्षी हूड आणि चिली दोन्ही. त्या बारा महिन्यांत स्कीपासून सलग सुट्टी किती? दोन आठवडे. त्याच वर्षी तो नऊ सेंटिमीटर वाढला. फेब्रुवारीत, पंधराव्या वाढदिवसाच्या आसपास, जायंट स्लॅलमच्या तिसऱ्या रनला मागे बसला, डावी स्की पकडली गेली आणि एसीएल (गुडघ्यातला एक मुख्य अस्थिबंध) गेला. आधी आठवडाभर तो गुडघा 'विचित्र वाटतोय' म्हणत होता. आमच्या तेव्हाच्या क्लबच्या कोचने 'सगळ्यांनाच वाटतं' म्हणून स्टार्टला उभं केलं. आणि मी कोचवर विश्वास ठेवला, हे जास्त वाईट.

चिलीमुळे फाटला असं नाही म्हणणार. पण दोन आठवडे सुट्टी, हे मी आज कोणालाही करू देणार नाही.

निवडुंग | १३ मे, सकाळी ७:०५

बापरे. आता बरा आहे ना? आणि 'मागे बसला' म्हणजे?

पायवाट | १३ मे, सकाळी ७:४०

बरा आहे. अकरा महिन्यांनी बर्फावर परतला. डॉक्टर नऊ महिन्यांच्या आत सोडायला तयारच नव्हते. मागे बसण्याचं इथले कोणी वैद्यकीय मंडळी सांगतील.

गुडघेदुखी | १३ मे, दुपारी २:१५

हाक ऐकली. मी फिजिओ, स्वित्झर्लंडमध्ये, झुरिकजवळ. हिवाळ्यात माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे गुडघे स्कीवरचे, म्हणून हा आयडी. सासरचे वेगळा अर्थ काढतात.

स्कीपटूचं वजन पुढे, नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली हवी. थकला, घाबरला किंवा उडीवरून वाईट उतरला की तो खुर्चीत बसल्यासारखा मागे जातो. मग ढुंगण गुडघ्यापेक्षा खाली, वजन स्कीच्या शेपटीवर, आणि तेवढ्यात स्कीची धार बर्फात रुतली की गुडघा आत वळतो. बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारा खटका) सुटलं का नाही, असं पालक दर वेळी विचारतात. बाइंडिंग मुख्यतः नडगीचं हाड मोडू नये म्हणून बेतलेलं असतं. एसीएलच्या हिशेबाने ते बनलेलंच नाही. 'डिन' (बाइंडिंग किती जोराला सुटेल तो आकडा) कमी करून गुडघा वाचेल या भ्रमात राहू नका, उलट भर वेगात नको तेव्हा स्की सुटेल.

गुडघा वाचवतात मांडीच्या मागचे स्नायू, नितंबाचे स्नायू आणि दमल्यावरही सरळ राहणारी कंबर. इथेच ड्रायलँड.

स्कीचा व्यायाम धावण्यासारखा नसतो. पुणेकरांना समजेल असं सांगते. सिंहगड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात त्या चढल्यामुळे नव्हे, उतरल्यामुळे. उतरताना स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो. स्लॅलमच्या प्रत्येक वळणावर बाहेरचा पाय हेच करतो, शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने आणि सेकंदाला जवळजवळ एक वळण या गतीने. म्हणून नुसतं पळवून, सायकल मारून स्कीचे पाय होत नाहीत. सावकाश खाली जाणाऱ्या बैठका, एका पायावर खोक्यावरून उतरणं, उडी मारून आवाज न करता उतरणं, हे लागतं. आवाज न करता हे महत्त्वाचं. धप्प आवाज आला की उडी मोजायची नाही.

आता बारा वर्षांच्या मुलीबद्दल. मुलींच्या उंचीचा झपाटा साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलांचा चौदाच्या. वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर. आधी पावलं वाढतात, मग पाय, धड सगळ्यात शेवटी. हाडं पुढे पळतात, स्नायू मागून येतात. काही महिने मूल स्वतःच्याच पायात अडखळतं, काल जमणारं आज जमत नाही. कोच म्हणतो लक्ष नाही, आई म्हणते मोबाइल. दोघेही चुकीचे. गुडघ्याखाली पुढच्या बाजूला टेंगूळ येऊन दुखायला लागतं तेही याच काळात, आणि नेमका तिथेच पायाला सगळा ताण.

या महिन्यांत उड्यांची संख्या कमी करायची, तोल आणि तंत्र वाढवायचं. हे ओळखायचं कसं? दाराच्या चौकटीवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पेन्सिलने रेघ. एवढं साधं आहे. तीन महिन्यांत दोन-अडीच सेंटिमीटर दिसले की कोचला सांगा. ऐकत नसेल तर माझा नंबर द्या (गंमत).

आणि वजन उचलल्याने उंची खुंटते हे आजीचं शास्त्र सोडून द्या. नीट शिकवणारा समोर असेल तर या वयात हलकी वजनं उचलणं सुरक्षित आहे. बर्फावर ती याच्या कितीतरी पट भार घेतेच आहे.

तिरफळ | १३ मे, संध्याकाळी ६:३०

स्नोबोर्डवाल्यांना धाग्यात प्रवेश आहे ना, की आम्ही खालच्या जातीचे?

न्यू जर्सी. मुलगा तेरा, स्लोपस्टाइल (उतारावरच्या रेल आणि उड्यांवर कसरती) आणि थोडं हाफपाइप (बर्फाच्या अर्ध्या नळीसारख्या खाचेत उड्या). आमच्याकडे डोंगर म्हणजे टेकाडं, पण ईस्ट रदरफर्डच्या मॉलमध्ये २०१९ पासून बिग स्नो आहे, छपराखालचा बर्फ. बाहेर नव्वद फॅरनहाइट आणि आपण आत कानटोपी घालून बसलेलो. उतार छोटा आहे, पण रेलवरचे (लोखंडी दांड्यावरून घसरण्याचे) तेच तेच प्रकार तासाभरात चाळीस वेळा करता येतात. पायवाटांचा हिशेब इथे उलटा लागतो!

आमच्या खेळात मात्र उन्हाळा हाच खरा शाळेचा काळ. नवीन उडी थेट बर्फावर कोणी करत नाही. आधी ट्रॅम्पोलिन, मग फोमचा खड्डा, मग एअरबॅग (हवा भरलेली मोठी गादी), मग बर्फ. कोलोरॅडोत कॉपरला हे सगळं एका छपराखाली आहे, निवडुंग, तुमच्यापासून दीड तास. पार्क सिटीला तर रॅम्पवरून थेट पाण्याच्या तलावात उड्या मारतात. एअरबॅगचा एक तोटा कोणी सांगत नाही: तिथे कसंही पडलं तरी चालतं, त्यामुळे पोराला 'जमलं' असं वाटतं. आमचा नियम असा की बॅगवर सलग दहा वेळा पायांवर उतरल्याशिवाय बर्फावर नाही. नऊ झाल्या आणि दहावी चुकली की पुन्हा शून्यापासून. पहिल्यांदा रडला होता.

आणखी एक. स्नोबोर्डवर वर्षभर एकच पाय पुढे, अंग एकाच बाजूला वळलेलं. म्हणून ड्रायलँडमध्ये मुद्दाम उलट बाजूच्या गिरक्या, उलट्या पायावरच्या उड्या. डोक्याला मार लागला तर त्या दिवशी परत वर जायचं नाही, 'मला बरं वाटतंय' म्हणाला तरी. यात कोचचं, पोराचं, माझं, कोणाचंच ऐकायचं नाही असं बायकोने फ्रीजवर लिहून ठेवलंय.

आपल्यासारख्यांची गोष्ट म्हणून सांगतो. क्लोई किमचे आईवडील कोरियातून आलेले. बापाने इंजिनिअरची नोकरी सोडली आणि लॉस एंजेलिसच्या बाजूने मॅमथच्या डोंगरापर्यंत पाच-सहा तास गाडी मारत लेकीला नेलं. २०१८ ला सतराव्या वर्षी सुवर्ण.

खडूस_काका | १३ मे, संध्याकाळी ६:४१

आणि ज्यांनी नोकरी सोडली आणि सुवर्ण आलं नाही, त्या बापांची गोष्ट कोण सांगणार?

तिरफळ | १३ मे, संध्याकाळी ६:४५

काका, यावर उत्तर नाही. मी नोकरी सोडलेली नाही, एवढंच सांगतो.

नॉर्डिक_नाना | १४ मे, पहाटे ३:२०

ऑस्लोहून, नॉर्वे. इथे मुलांच्या खेळांचे देशभर लागू असलेले नियम आहेत. अकराव्या वर्षाआधी निकालाची यादी नाही, क्रमवारी नाही. बक्षीस द्यायचं तर सगळ्यांना. तेराव्या वर्षाआधी राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. माझी नात आठ वर्षांची आहे, शर्यतीला जाते, घरी येऊन 'कितवी आलीस' विचारलं तर तिला प्रश्नच कळत नाही. आणि हाच देश २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमधून १६ सुवर्णं घेऊन आला. लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या पुणे शहरापेक्षा फार नाही.

उन्हाळ्यात इथली मुलं फुटबॉल, हँडबॉल खेळतात, जंगलात पळतात, सायकली मारतात. स्की भिंतीला टांगलेल्या.

पायवाट | १४ मे, सकाळी ८:१०

नाना, आदर आहे, पण हे उदाहरण इथे दर वेळी फेकलं जातं म्हणून बोलतो. ऑस्लोत लोक स्की हातात घेऊन मेट्रोत बसतात आणि फ्रोग्नरसेतेरेनला उतरून दिव्यांच्या वाटेवर स्की करून रात्री जेवायला घरी येतात. तुमची नात शर्यत नसली तरी बर्फावर असते. आमच्या मुलांना बर्फ शनिवार-रविवारी, तोही ट्रॅफिक जाममधून. तुमच्याकडच्या पदकांत क्रॉस-कंट्री आणि बायथलॉनचा (स्की अधिक नेमबाजी) वाटा मोठा. अल्पाइन (आमच्या मुलांचं उतारावरचं स्कीइंग) तुमच्याकडेही पैशाचंच काम आहे.

नॉर्डिक_नाना | १४ मे, सकाळी ९:०२

पैशाचं काम आहे, मान्य. मेट्रोचंही मान्य. पण मग निष्कर्ष काय, बर्फ दूर आहे म्हणून बाराव्या वर्षी चिली?

पायवाट | १४ मे, सकाळी ९:०६

नाही. तो माझाही नाही.

उंबरा | १४ मे, रात्री ९:२५

लेक व्हरमाँटमधल्या एका स्की अकादमीत चार वर्षं होती, आता कॉलेजात आहे आणि रेसिंग सोडलं आहे. सुखात आहे. थोडं या बाजूचं.

व्हरमाँटला बर्क माउंटन अकादमी १९७० मध्ये निघाली, स्कीसाठीची अशी ही अमेरिकेतली पहिली शाळा. ऑलिंपिक विजेती मिकेला शिफ्रिन तिथलीच. तिचं नाव घेऊन पालक 'बघा, लहानपणापासून एकच खेळ' म्हणतात. तिच्या घरच्यांनी सांगितलेलं वेगळंच आहे: लहानपणी रेस कमी आणि ड्रिल जास्त, शिवाय एकचाकी सायकल, हातात चेंडू झेलणं, फुटबॉल. दुसऱ्या टोकाला चेक खेळाडू एस्तर लेडेत्स्का. २०१८ च्या एकाच ऑलिंपिकमध्ये स्कीवर सुपर-जीचं आणि स्नोबोर्डवर समांतर जायंट स्लॅलमचं सुवर्ण. तिला एकाची निवड करायला सांगणारे लोक कमी नव्हते. पण दोघीही अपवाद आहेत, त्यांच्यावरून आपल्या मुलांचं वेळापत्रक आखू नये हे माझं मत.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा २०१६ चा सल्ला मला जास्त उपयोगी वाटला. एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळापर्यंत लांबवा, आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षभरात त्या खेळापासून एकूण तीन महिने लांब, एकेका महिन्याच्या तुकड्यांत. तीन महिने, निवडुंग. तुझे सांगलीचे सहा आठवडे त्याच्या निम्मे होतात.

पैशाचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. राहण्याखाण्यासह स्की अकादमी म्हणजे वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या पुढे, त्यात स्की, प्रवास, कँप वेगळे. आम्ही घर दुसऱ्यांदा गहाण टाकलं. पश्चात्ताप नाही, पण ते आकडे मुलीला माहीत होते आणि स्टार्टला उभं राहताना ते तिच्या पाठीवर होते. ही गोष्ट तिने मला सोडल्यावर सांगितली.

खाण्याचं सर्वांत महत्त्वाचं. बर्फावर मुली पाणी पीत नाहीत. कारण साधं आहे: त्या रेसिंग सूटमधून बाथरूमला जायचं म्हणजे सगळं सोलावं लागतं, आणि स्टार्ट चुकेल ही भीती. जेवण पण टाळतात. पाळी लांबली, थकवा, चिडचिड, पुन्हा पुन्हा बारीक दुखणी, असं दिसलं की 'खेळाडू आहे, चालायचंच' म्हणू नका. चालत नाही. आम्ही लोह आणि ड जीवनसत्त्व दर ऑक्टोबरला तपासायचो. शाकाहारी घर, त्यामुळे प्रथिनांचा हिशेब मुद्दाम ठेवावा लागला.

जाता जाता: एनर्जी बार उणे दहाला दगड होतो, गुळपोळी होत नाही. पॉलिथिनमध्ये गुंडाळून जॅकेटच्या आतल्या खिशात. संक्रांतीला करते तेव्हा चाळीस जास्तीच्या करून फ्रीझरला. तिच्या टीममधल्या मुली 'पीनट टॉर्टिया' म्हणायच्या (मी शेंगदाण्याचं कूट घालते, सोलापूरकर आहे, कोणी वाद घालू नये).

लाल_माती | १५ मे, सकाळी ६:५०

पुणे. आयुष्यात बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिला. पण तीस वर्षं मल्लखांब शिकवतोय, तेव्हा धाग्यात घुसतो.

वर ताईंनी जे सांगितलं ना, एका पायावर उतरणं, आवाज न करता, तोल, दमल्यावर कंबर सरळ. अहो, ही आपली लंगडी आहे! शाळेतली लंगडी. एका पायावर वळायचं, थांबायचं, समोरचा चुकवतोय तसा कोन बदलायचा. डावी आणि उजवी दोन्ही करायला लावा.

खो-खो त्याहून पुढे. आठ गडी आळीपाळीने उलटसुलट तोंडं करून बसलेत आणि पळणारा त्यांच्या मधून साखळी घेत नागमोडी पळतोय. निवडुंगताईंनी स्लॅलमचा व्हिडिओ पाठवला असता तर मी हेच म्हणालो असतो, हा उतारावरचा खो-खो आहे. सांगलीला खो-खोची मैदानं काय कमी आहेत का? सकाळी सातला कोणत्याही मैदानावर जा, आठवड्यात पोरीला घेतील संघात.

मल्लखांबाचं विचाराल तर पकड, खांदा, पोट, आणि उलटं लटकलेलं असताना आपण कुठे आहोत हे डोक्याला कळणं. हवेत गिरक्या घेणाऱ्या त्या बोर्डवाल्या पोराला याचा फार उपयोग होईल. फक्त सहा आठवड्यांत पुरलेल्या मल्लखांबावर काही येत नाही, दोरीच्या मल्लखांबापासून सुरू करा. आणि बैठका! पण शंभर-शंभर झटपट नाही. चार अंक मोजत खाली, एकात वर. वीस काढून दाखवा म्हणावं.

गुडघेदुखी | १५ मे, दुपारी १२:३०

सर, हे मी छापून दवाखान्यात लावणार आहे. लंगडी शंभर टक्के. फक्त डांबरी रस्त्यावर नको, मातीवर किंवा गवतावर, आणि उंचीचा झपाटा चालू असेल तर पंधरा मिनिटांच्या वर नको.

निवडुंग, सांगलीजवळ दंडोबाचा डोंगर आहे ना? आठवड्यातून दोनदा चढून सावकाश उतरा. उतरताना घाई नाही. जून-जुलैत शेवाळलेल्या पायऱ्या सांभाळून, नाहीतर माझं सगळं प्रवचन फुकट.

कांगडी | १५ मे, रात्री ११:१५

मुंबईची, कामानिमित्त सहा वर्षं श्रीनगरला. गुलमर्गची पोरं बघते म्हणून दोन ओळी. २०२२ ला बीजिंगला भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान, इथल्याच तंगमर्ग भागातला. वडिलांचं स्कीच्या सामानाचं दुकान. जायंट स्लॅलममध्ये ४५ वा. इथल्या मुलांना बर्फ डिसेंबर ते मार्च, तोही बेभरवशाचा. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडं ठणठणीत होतं, २०२५ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी मार्चवर ढकलल्या. चिली-बिली यांच्या स्वप्नातही नाही. उन्हाळ्यात ही मुलं करतात काय, तर मेंढ्यांच्या मागे डोंगर चढतात-उतरतात, क्रिकेट खेळतात आणि पर्यटकांचं सामान वाहतात. पाय बघाल तर लोखंड. कमी पडतं ते गेटमधल्या रनचं, चांगल्या कोचचं आणि परदेशी रेसच्या तिकिटाचं.

त्यामुळे 'बर्फ नसला तरी चालतं' हा सूर मला थोडा जास्त वाटतो. एका वयानंतर चालत नाही.

पायवाट | १६ मे, सकाळी ७:३०

कांगडींचा मुद्दा बरोबर आहे, आणि मी हेच 'कोणत्या वयानंतर' म्हणून विचारायला हवं होतं. आमच्याकडे आता मुलगा सतराचा आहे तर उन्हाळ्यात वीसेक दिवस बर्फावर जातो आणि ते लागतातच. पण वर्ष असं दिसतं: एप्रिलअखेर सीझन संपला की चार आठवडे स्की गॅरेजमध्ये, जिमसुद्धा नाही. मग जून-जुलै सायकल, डोंगर, वजनं शिकणं. उड्या आणि वेगाचं काम ऑगस्टनंतर, कारण ते लवकर येतं आणि लवकर जातं. नोव्हेंबरात बर्फ आला की पहिले दोन आठवडे गेट नाहीतच, नुसती वळणं. रेस सुरू झाल्या तरी आठवड्यातून दोनदा जिम चालू. आम्ही आधी हिवाळ्यात जिम बंद करायचो आणि फेब्रुवारीत पोराचे पाय डिसेंबरपेक्षा कमजोर असायचे. फेब्रुवारीतच फाटला, आठवतंय ना.

निवडुंग, तुझ्या कोचला एकच विचार: सहा आठवडे फार मोठा खंड आहे, तर तुमच्या वेळापत्रकात सलग सुट्टी कुठे आहे? उत्तर देता आलं तर कोच चांगला आहे.

निवडुंग | १८ मे, रात्री १०:४०

विचारलं. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, 'खरं सांगायचं तर नाहीये.' आणि हसला. तेवढ्यावरून मला माणूस आवडला.

ठरलं ते असं. चिली नाही. हूड या वर्षी नाही, चौदाव्या वर्षी बघू. सांगली आहे. परत आल्यावर ड्रायलँड, पण तीनऐवजी दोन दिवस, बाकी शाळेचा फुटबॉल. लेक दोन दिवस फुगून होती, कारण तिच्या दोन मैत्रिणी हूडला चालल्यात. लंगडीचा व्हिडिओ दाखवला तर म्हणाली, 'धिस इज लिटरली हॉपिंग.' मग केली, चाळीस सेकंदांत बसली. डाव्या पायावर तर पंचवीसच.

खडूस_काका | १८ मे, रात्री १०:४४

आंबे.

निवडुंग | २७ जुलै, दुपारी ४:१५

परत आलो. अहवाल द्यायचं ठरलं होतं.

दंडोबा सात वेळा झाला, पावसाने पाच वेळा हुकला. खो-खोच्या मैदानावर पहिल्या दिवशी पोरींनी तिला दहा सेकंदांत बाद केलं. 'अमेरिकेची' म्हणून हाक मारायच्या. शेवटच्या आठवड्यात दोन मिनिटं टिकली, त्या दिवशी आजोबांनी मैदानावरच सगळ्यांना भडंग वाटला. बैठका चार अंकांत खाली, एकात वर, वीस होतात. लंगडी दोन्ही पायांवर दीड मिनिट. स्कीचं नाव तिने महिनाभर काढलं नाही आणि विमानात बसल्यावर स्वतःहून विचारलं, बर्फ कधी पडतो.

चौकटीवरच्या रेघा: जूनच्या पहिल्या रविवारची इथली, आणि कालची. ताईंनी सांगितलं होतं तेवढंच भरलं, अडीच सेंटिमीटर. कोचला कळवलं, उड्या निम्म्या केल्यात.

तिरफळ | २७ जुलै, संध्याकाळी ५:५०

दोन मिनिटं! इथे पोराला दोरीचा मल्लखांब लावलाय, गॅरेजच्या तुळईला. तुळई टिकली तर कळवतो.

निवडुंग | ४ ऑक्टोबर, रात्री ८:२०

गुडघेदुखीताई, 'आधी पावलं वाढतात' हे तुम्ही मे महिन्यात लिहिलं होतं. मी वाचलंही होतं. आज तिने एप्रिलच्या सेलमधले बूट पहिल्यांदा पायात घालून बघितले. म्हणजे घालायचा प्रयत्न केला. टाच आत जाईना. दुकानात मापलं तर २५.

तर रेसिंगचे बूट, २३.५, कधीही न वापरलेले, खोक्यासकट. डेन्व्हरच्या आसपास कोणाला हवे असतील तर विपू (विचारपूस) करा. घेतले त्याच किमतीत देईन. बरं, त्यातही थोडं कमी करू.